आमचं आरोग्य केंद्र: तीस दिवसांची चिठ्ठी, दहा दिवसांच्या गोळ्या

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं असेल तर सोमवारी जाऊ नका. सोमवारी बाजार असतो, आजूबाजूच्या दहा-बारा गावांची माणसं बाजारासोबत दवाखानाही उरकून घेतात. मंगळवारी जा, दहाच्या आत पोहोचा. लहान लेकरू घेऊन जाणार असाल तर मोठ्या सिस्टर कोणत्या दिवशी आहेत ते आधी आशाताईला विचारा. संध्याकाळची वेळ फलकावर लिहिलेली आहे, पण त्या भरवशावर सात किलोमीटर जाऊ नका. हे मला सोळा वर्षांत पाठ झालं. गावातल्या प्रत्येक बाईला पाठ आहे. नवीन सून आली की तिची सासू तिला वावराचा रस्ता दाखवते, नळ कधी येतो ते सांगते, आणि दवाखान्यात कोणत्या वारी जायचं तेही सांगते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. शिवणकाम करते, बचत गटाचा हिशेब लिहिते. चार एकर कोरडवाहू आहे, त्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. घरात आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई आहेत, वय एकाहत्तर, बीपी आणि शुगर दोन्ही. माझी दोन्ही बाळंतपणं या केंद्रात झाली, दोन्ही पोरांच्या लसी इथल्या, भासऱ्यांचा म्हणजे माझ्या मोठ्या दिरांचा जीव इथं वाचला. म्हणून हा अभिप्राय एका भेटीचा नाही. केंद्राचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या कोणाला उघडं पाडायचं माझ्या मनात नाही, आणि जे सांगायचं आहे त्याला नाव लागत नाही.

आधी जे चांगलं आहे ते सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे.

पहिलं बाळंतपण 2010 चं. चादर घरची, गरम पाणी घरचं, डबा घरचा. रात्री दीडला पोरगी झाली आणि सकाळी भाड्याच्या गाडीनं आम्ही परत आलो. दुसरं 2013 चं. मधल्या काळात, 2011 साली, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला होता. या वेळी जेवण तिथं मिळालं, औषधं मिळाली, आणि घरी सोडायला गाडी आली. त्याच खोलीत, त्याच खाटेवर, तीन वर्षांत एवढा फरक. दोन्ही वेळा मोठ्या सिस्टरच होत्या. दुसऱ्या वेळी मी कळा देताना घाबरून त्यांचा हात इतका दाबला की त्यांची बांगडी फुटली. त्या काहीच बोलल्या नाहीत, काच गोळा केली आणि पुन्हा हात दिला.

लसीकरणाला तर मी पाचपैकी पाच देते. लसींचा फ्रिज दोन ते आठ डिग्रीमध्ये ठेवावा लागतो, आणि त्याचं तापमान रोज दोनदा कागदावर लिहिलं जातं. तो कागद मी स्वतः पाहिला आहे, एकही रकाना रिकामा नव्हता. एकदा पोराच्या लसीच्या वेळी सिस्टरनं कुपी हातात घेतली, उजेडात धरली आणि बाजूला ठेवून दुसरी काढली. मी विचारलं तर त्यांनी मला कुपीवरचं लहानसं चिन्ह दाखवलं, गोलात एक चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की ती लस उष्णतेनं खराब झाली, ती द्यायची नाही. आठवी शिकलेल्या बाईला त्यांनी हे उभ्या उभ्या समजावून सांगितलं. पावसाळ्यात नाल्याला पूर असला की गाडी अलीकडे ठेवून, खांद्याला लसींचा निळा डबा अडकवून त्या पायी येतात. सोळा वर्षांत आमच्या अंगणवाडीतलं लसीकरण दोनदा रद्द झालं, तेही कोरोनाच्या वर्षात.

आता औषधाच्या खिडकीकडे येते. तिला मी एक देते.

आत्याबाईंना डॉक्टर तीस दिवसांच्या गोळ्या लिहून देतात. खिडकीवर दहा दिवसांच्या मिळतात. औषध देणारा भाऊ कात्रीनं पट्टी कापतो, कागदात गुंडाळतो आणि सांगतो, "स्टॉक कमी आहे ताई, सगळ्यांना पुरवायचं आहे." कधी शुगरची असते तर बीपीची नसते. कधी दोन्ही नसतात, तेव्हा "बाहेरून घ्या."

याचा हिशेब मी गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मांडला आहे. ऑटोचं भाडं माणशी जायला तीस, यायला तीस. आत्याबाईंना एकटं पाठवता येत नाही, म्हणून दोघींचे एकशे वीस. महिन्यातून तीनदा म्हणजे तीनशे साठ. त्याच गोळ्या बाहेर मेडिकलमध्ये महिन्याला दोनशेच्या आत येतात. वेचणीच्या दिवसांत एक मंगळवार गेला की चाळीस किलो कापसाची वेचणी बुडते, किलोला दहा रुपये धरले तर चारशे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्य सरकारच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. ते चांगलंच झालं. पण दहा दिवसांच्या मोफत गोळ्या आणायला आमच्या घरातून जे पैसे जातात ते कोणत्याच कागदावर येत नाहीत.

आत्याबाईंनी त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. मला न सांगता त्या एक दिवसाआड गोळी घेत होत्या. दहाच्या वीस दिवस केल्या. त्या दिवाळीत त्यांना चक्कर आली, केंद्रात मोजलं तर बीपी एकशे नव्वदवर. मी रागावले तर म्हणाल्या, "अवं, तेवढ्यासाठी किती डाव जाशीन तू? आन् फुकटात भेटते, अजून काय पायजे तुले?"

ही फुकटाची गोष्ट मला फार लागते. मी धाग्याचं रीळ घेते त्यावर कर देते, साबणावर देते, पेट्रोलवर देते. आत्याबाईंनी पन्नास वर्षं वावरात काम केलं, मीठ-मिरची विकत घेतली. त्यांच्या गोळीचे पैसे त्यांनी आधीच भरलेले आहेत. पण खिडकीसमोर उभ्या राहिल्या की त्यांचा आवाज लग्नघरी मदत मागायला आलेल्या माणसासारखा होतो. "द्या बापा जमन तेवढ्या." मी त्यांच्या मागे उभी असते आणि मला ते ऐकवत नाही.

एकाच इमारतीत लसीचा फ्रिज इतका चोख आणि दहा पावलांवरची खिडकी अशी, हे कसं? मी पुष्कळ दिवस विचार केला. पहिल्यांदा वाटलं माणसांचा फरक आहे, सिस्टर चांगल्या आणि तो भाऊ आळशी. पण तो भाऊ आळशी नाही. त्याला मी रात्री आठला हिशेब लावत बसलेला पाहिलं आहे. फरक असा की लसीचं रोज विचारणारं कोणीतरी आहे. किती बालकं, किती दिली, किती राहिली, तापमान काय, हे तालुक्याला जातं, जिल्ह्याला जातं. बाळंतपणाचंही जातं. औषधाचा साठाही ई-औषधी नावाच्या संगणक प्रणालीत भरला जातो. पण आत्याबाईंना तीसऐवजी दहा मिळाल्या, त्या एक दिवसाआड घेतात, हे कोणत्या रकान्यात लिहायचं? साठा शिल्लक दिसतो, गोळी वाटलेली दिसते. जे वरून विचारलं जातं ते इथं नीट होतं. जे फक्त आम्हाला कळतं ते आम्ही बोललो तरच कोणाला कळेल, आणि आम्ही बोलत नाही.

खरं म्हणजे गोळ्यांसाठी सात किलोमीटर जायची गरजच नव्हती. आमच्या गावापासून दीड किलोमीटरवर उपकेंद्र आहे. आधी त्याच्यावर 'उपकेंद्र' लिहिलं होतं, मग 'आरोग्यवर्धिनी केंद्र' झालं, आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' आहे. तीन वेळा भिंत रंगवली. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून एक तरुण मुलगी आली होती. तिनं तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी-शुगर घरोघर जाऊन तपासलं, वहीत नावं लिहिली, आणि ज्याची गोळी संपत आली त्याला फोन करायची. मोबाईलवर ई-संजीवनीतून मोठ्या डॉक्टरला दाखवायची, नेटवर्क नसलं तर व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभी राहायची. सव्वा वर्ष आत्याबाईंना तीसच्या तीस गोळ्या मिळाल्या आणि बीपी एकशे तीसच्या आसपास राहिलं. मग ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली. जागा सात महिने रिकामी होती. तिच्या वह्या कपाटात बंद राहिल्या. आम्ही कोणी विचारायला गेलो नाही. सगळे म्हणाले, "पोरगी लय चांगली होती," आणि पुन्हा ऑटोत बसायला लागले. मीही त्यातलीच.

आता सापाच्या दोन गोष्टी सांगते, कारण मला हे लिहायला त्यांनीच बसवलं.

2017 साली सोयाबीनच्या सवंगणीच्या दिवसांत भासरे जागलीला वावरात होते. रात्री साडेनऊला पायाला घोणस चावली. त्यांनी टॉर्चमध्ये साप पाहिला म्हणून कळलं. घरातून निघायच्या आधी मी मोठ्या सिस्टरच्या मोबाईलवर फोन केला. त्या म्हणाल्या, "पाय आवळून बांधू नका, ब्लेड लावू नका, चालवू नका, सरळ आणा." यांनी मोटरसायकलवर मधे बसवून आणलं, मी मागे धरून बसले. आम्ही पोहोचलो तेव्हा डॉक्टर क्वार्टरमधून येऊन उभे होते. त्यांनी शिरेतून रक्त घेतलं, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत भरलं, स्टँडमध्ये उभी ठेवली आणि मला सांगितलं, "ताई, वीस मिनिटं. हात लावू नका, घड्याळ पाहा." वीस मिनिटांनी नळी तिरपी केली. रक्त गोठलं नव्हतं, पाण्यासारखं वाहिलं. लगेच सापाच्या विषावरच्या औषधाच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू केल्या. एकच औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, हे मला त्या रात्री कळलं. मग 108 ची गाडी आली आणि जिल्ह्याला नेलं. ही गाडी राज्यात 2014 च्या जानेवारीत सुरू झाली. त्याआधी असं झालं असतं तर आम्ही कोणाच्या दारात गाडीसाठी उभे राहिलो असतो, देव जाणे. भासरे सहाव्या दिवशी घरी आले. त्या डॉक्टरांना आम्ही पोळ्याला पुरणपोळीचा डबा नेला, तर त्यांची बदली झालेली होती.

2022 च्या जुलैत आमच्या मागच्या घरची मावशी दुसऱ्याच्या वावरात निंदायला गेली होती. नवरा नाही, पोरगा पुण्याकडे कंपनीत. दुपारी साडेतीनला हाताला चावलं. ज्याचं वावर त्यानं गाडीवर बसवून केंद्रात नेलं. डॉक्टर तालुक्याला बैठकीला गेले होते. डॉक्टरांची दुसरी जागा त्या वेळी रिकामीच होती. औषध कपाटात होतं. पण ते दिल्यावर कोणाला रिॲक्शन येते, जीवावर बेतू शकतं, म्हणून एकट्या नव्या सिस्टरची द्यायची हिंमत झाली नाही. तिला दोष देऊन काय करू? तिनं चिठ्ठी लिहून तालुक्याला पाठवलं. सव्वीस किलोमीटर. औषध सुरू व्हायला साडेसहा झाले. तिथून जिल्ह्याला, तिथं चार वेळा डायलिसिस. एकोणीस दिवसांनी घरी आली आणि तो सगळा हंगाम बसून राहिली.

उशीर झाला म्हणूनच किडनीवर आलं, असं मी म्हणू शकत नाही. मला त्यातलं तेवढं कळत नाही. पण त्या दिवशी मी घरीच होते, मशीनवर ब्लाउज शिवत होते. मोठ्या सिस्टरचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. त्यांना फोन केला असता तर डॉक्टर इथं नाहीत हे सात किलोमीटर जायच्या आधीच कळलं असतं, आणि गाडी थेट तालुक्याला वळली असती. मला कोणी विचारलं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं की असा नंबर असतो.

तेव्हापासून मला आमच्या 'सांभाळून घेण्या'ची भीती वाटते. आम्ही सगळे म्हणतो, सरकारी आहे, थोडं इकडं-तिकडं चालायचंच. पण आमच्या घराचं चालतं कारण आमच्याकडे मोटरसायकल आहे, सिस्टरचा नंबर आहे, अडलं तर बाहेरून गोळी घ्यायला दोनशे रुपये आहेत. आम्ही वार पाहून जातो, ओळखीनं आत शिरतो, नाहीच जमलं तर खाजगीत जातो. आमचं भागलं की आम्ही गप्प. मावशीकडे यातलं काहीच नाही. तिच्या वाट्याला केंद्र जसं असेल तसं येतं.

ग्रामसभेत मी हे बोलले. सरपंच भाऊ चांगले आहेत, ऐकून घेतात. ते म्हणाले, "वहिनी, तुमचं बरोबर हाय. पण तक्रार केली तं बदली मोठ्या सिस्टरचीच होईन. मंग काय करसान?" सभेत सगळ्या बायांनी माना हलवल्या. मीसुद्धा गप्प झाले, कारण ही भीती मलाही आहे. जी एक व्यक्ती काम करते तिच्यावरच तक्रार जाऊन पडेल असं आम्हाला वाटतं. म्हणून चांगल्या माणसाला सांभाळायला आम्ही बाकीचं सगळं पोटात घालतो. मागून एक म्हातारे बोलले, "आहे थे बी जाईन." त्यावर विषय संपला आणि रस्त्याच्या मुरुमाचा निघाला.

डॉक्टरांशीही मी बोलले आहे. सध्याचे सत्तावीस वर्षांचे आहेत, एक वर्षाच्या बंधपत्रावर आलेले. सपाट भागात तीस हजार लोकांमागे एक केंद्र असा नियम आहे, आणि त्या तीस हजारांना रात्री-बेरात्री ते एकटे. क्वार्टरचं छत गळतं, आत बुरशी आहे, मी स्वतः पाहिलं. ते म्हणाले, "ताई, मी इथं राहतो म्हणून लोक मला चांगला म्हणतात. पण पुढच्या वर्षी येणारा राहीलच असं कसं सांगू?" मला त्यांचं बोलणं पटलं. डॉक्टर राहावा म्हणून छत नीट पाहिजे, आणि छताची तक्रारसुद्धा कोणी केलेली नाही. आम्ही आमच्या गोळ्यांबद्दल बोलत नाही, ते त्यांच्या छताबद्दल बोलत नाहीत.

माझं माहेर अमरावती जिल्ह्यातलं. 2007 साली महाराष्ट्रात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती होता. माझं लग्न 2009 चं, म्हणून ते मी डोळ्यांनी पाहिलं. गावातल्या बायांना बसवून प्रश्न विचारायचे. बाळंतपणाला पैसे मागितले का, बाहेरून औषध आणायला लावलं का, नर्सबाई किती वेळा आल्या. उत्तरावरून तक्त्यात रंग भरायचा. नीट असेल तर हिरवा, मधलं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. मग जनसुनवाईत अधिकारी समोर बसायचे आणि लोक बोलायचे. माझी आई त्याआधी तलाठ्यासमोरही डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून उभी राहायची. त्या दिवशी ती उठली आणि म्हणाली, "औषधाचा रकाना लाल हाय साहेब, आन् तो आम्ही भरला हाय." कोणाचं नाव घ्यावं लागलं नाही, कोणाची बदली झाली नाही. रकाना लाल होता, त्यावर बोलणं झालं. पुढच्या वेळी तो पिवळा झाला.

सासरी आल्यावर मला असं काही दिसलं नाही. केंद्राची रुग्ण कल्याण समिती आहे. गावात ग्राम आरोग्य समिती आहे, सरपंच आणि आशाताई त्यात आहेत. पण त्यांची बैठक कधी असते हे आम्हाला कळत नाही. पोराच्या उत्पन्नाच्या दाखल्याला गेले तेव्हा हातात पावती मिळाली, त्यावर दाखला मिळायची तारीख होती. 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात ठरवून दिलेली सेवा मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं, आणि चूक निघाली तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. मी ती पावती बराच वेळ हातात धरून पाहत होते. गोळ्यांच्या खिडकीवर असा एक कागद पाहिजे. आज तीसपैकी दहा दिल्या, उरलेल्या वीस अमुक तारखेला मिळतील, खाली सही. एवढंच.

मागच्या वर्षी सीतादहीच्या, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पूजेच्या, आठवड्यात मी केंद्रात तक्रार वही मागितली. ती कपाटात होती, कपाटाची किल्ली क्लार्ककडे, क्लार्क जेवायला. मी थांबले. वही आली तर शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची, पंख्याबद्दल. मी पानभर लिहिलं. तारखा लिहिल्या, कोणत्या दिवशी किती गोळ्या लिहून दिल्या आणि किती मिळाल्या ते लिहिलं. गटाच्या वहीमुळे माझ्याकडे सगळं होतं. माणसाचं नाव कोणाचंच लिहिलं नाही.

पुढच्या मंगळवारी आत्याबाईंना तीस गोळ्या मिळाल्या. आत्याबाई खूष, मीही खूष. त्याच्या पुढच्या महिन्यातही तीस. तिसऱ्या महिन्यात मावशी आमच्यासोबत आली, किडनीच्या दुखण्यानंतर तिलाही बीपीची गोळी सुरू झाली आहे. तिला दहा मिळाल्या. "माय, मले तं दहाच देल्या." मी खिडकीवर वळून विचारलं तर तो भाऊ अगदी शांतपणे म्हणाला, "तुमच्या दिल्या ना ताई पूर्ण." त्याला वाटत होतं त्यानं माझं काम केलं आहे. त्याच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. सात किलोमीटर परत येईपर्यंत मी मावशीच्या बाजूला बसले होते आणि आमच्या तीस गोळ्या माझ्या पिशवीत होत्या.

त्या भावानं पुढे माझ्या म्हणण्यावरून खिडकीवर कागद लावला, कोणती गोळी आहे, कोणती नाही. पहिले तीन आठवडे रोज तारीख बदलली. आता कागद तोच आहे, तारीख जुनी. तरी पाच-सहा फेऱ्या त्या कागदानं लोकांच्या वाचवल्या असतील, म्हणून खिडकीला मी एकाचे दोन करते. रात्रीच्या सेवेला आकडा देत नाही. डॉक्टर राहत असतील तर पाच, नसतील तर काहीच नाही, आणि मधला आकडा सांगितला तर ती फसवणूक होईल.

तुम्ही आमच्या भागातले असाल तर एवढं करा. साप चावला तर निघायच्या आधी केंद्रात डॉक्टर आहेत का ते फोन करून विचारा. माझ्याकडचा नंबर मी आता पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून घेतला आहे, सिस्टरला विचारून. लसीकरण निश्चिंत मनानं इथं करा. गोळ्यांची चिठ्ठी खिडकीत दिली की किती मिळाल्या ते चिठ्ठीच्या मागे तिथंच लिहून घ्या.

रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीची तारीख या वेळी मी तीन चकरा मारून मिळवली, 26 तारीख आहे. आम्ही सहा जणी जाणार आहोत. मोठ्या सिस्टरना मी आधीच सांगितलं, तुमच्यावर काही येऊ देणार नाही. त्या म्हणाल्या, "या, आणि छताचंही बोला." मावशी लिहू-वाचू शकत नाही. तिनं आपल्या रिकाम्या पट्ट्या फेकल्या नाहीत, डब्यात ठेवल्या होत्या. कात्रीनं कापलेल्या, प्रत्येकीत दहा घरं. परवा मी तिला शिवणाच्या डब्यातला जाड दोरा आणि सुई दिली. तिनं त्या माळेसारख्या ओवल्या आहेत. आतापर्यंत अकरा झाल्या.